रेकी: आधी हात ठेवून बघा, फी नंतर भरा

१९९८ च्या मे महिन्यात ठाण्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर मी रेकीची, म्हणजे अंगावर हात ठेवून प्राणशक्ती देण्याच्या जपानी पद्धतीची, फर्स्ट डिग्री म्हणजे पहिली पायरी घेतली. खाली मुंज लागत होती आणि माइकवरून मंगलाष्टकं जिन्याने वर येत होती. शिकवणाऱ्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. आम्ही चौदा जण चटयांवर डोळे मिटून बसलेलो आणि माझं सगळं लक्ष खालच्या "सावधान"कडे. काकूंच्या ते लक्षात आलं असावं. कानाशी येऊन म्हणाल्या, "आवाज येऊ दे गं. तुझे हात कुठे आहेत तेवढं बघ."

तेव्हापासून रेकीबद्दल मी पुष्कळ ऐकलं. त्यातलं निम्मं कानावरून गेलं, काही डोक्यावरून गेलं. हाताखाली राहिलं ते काकूंचं वाक्य. ओळखीतलं कुणी ना कुणी दर दोन महिन्यांनी फोन करून विचारतंच, "रेकी शिकू का? खरंच काही होतं का त्याने?" होतं. पण क्लासच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं ते नव्हे. काय होतं, ते घरी एक पैसा न घालवता कसं करून बघायचं आणि कुठे थांबायचं, ते एकदा नीट लिहून काढते.

नाव जपानी, गोष्ट अर्धी अमेरिकन

"रेइ" म्हणजे आत्मिक, दिव्य. "की" म्हणजे प्राण. चिनी लोक ज्याला "ची" म्हणतात, आपण प्राणशक्ती म्हणतो, त्याच कुळातली कल्पना. प्राण सगळीकडे भरलेला आहे, तो तळहातातून दुसऱ्याकडे वाहू देता येतो, अशी रेकीची धारणा. धारणा हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, त्याकडे पुढे येते.

पद्धत बसवली मिकाओ उसुई यांनी. जन्म १५ ऑगस्ट १८६५, जपानच्या गिफू प्रांतात. क्योतोच्या उत्तरेला कुरामा नावाचा डोंगर आहे. तिथे त्यांनी २१ दिवस उपास आणि ध्यान केलं, त्यातून ही विद्या त्यांना गवसली आणि १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत शिकवायला सुरुवात केली. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं तेव्हा ते जखमी माणसांमध्ये फिरून हात ठेवत होते. १९२६ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी शिष्यांनी टोकियोच्या साइहोजी मंदिरात त्यांच्या स्मरणार्थ शिलालेख उभारला. त्यात शिष्यांची संख्या दोन हजारांवर दिली आहे.

आपल्याकडच्या क्लासांत मात्र बरीच वर्षं वेगळीच कथा सांगत: उसुई ख्रिस्ती होते, कॉलेजचे प्राचार्य होते, येशूने लोकांना कसं बरं केलं या प्रश्नामागे ते निघाले. शिलालेखात याचा मागमूसही नाही. ही कथा आली हवायो ताकातांकडून. हवाई बेटांवर जन्मलेल्या, जपानी मजुरांच्या या मुलीने १९३५ मध्ये टोकियोला येऊन उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी यांच्याकडे उपचार घेतले. हायाशी हे नौदलातले निवृत्त अधिकारी. त्यांच्याकडेच ताकाता शिकल्या आणि विद्या हवाईला घेऊन गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत जपानी वस्तू खपवायची तर तिला ख्रिस्ती झबलं घालावं लागलं असेल, असा माझा तर्क. १९८० मध्ये वारण्याआधी त्यांनी २२ जणांना मास्टर, म्हणजे इतरांना शिकवणारे, केलं, प्रत्येकी दहा हजार डॉलर घेऊन. जगभर, आणि आपल्याकडेही, जी रेकी पसरली तिचा मुख्य ओघ या बावीस जणांकडून आला. आपल्याकडे आल्यावर तिला मूलाधार, मणिपूर, आज्ञाचक्र वगैरे अलंकार चढले. ते आपले आहेत, उसुईंचे नव्हेत.

हे पुराण एवढ्यासाठी, की कुणी "पाच हजार वर्षांपूर्वीची तिबेटी विद्या" म्हणून तुम्हाला फी सांगितली तर शंभर वर्षांचा हिशोब तुमच्याकडे असावा.

मग होतं काय?

क्लासमध्ये पहिल्याच दिवशी हात तापतात. मुंग्या येतात. लोक थरारून एकमेकांकडे बघतात, "आली, आली!" म्हणतात. मलाही आली होती. पुढे एकदा गंमत म्हणून मी तसेच शांत बसून उशीवर हात ठेवले. तेही छान गरम झाले, आणि उशीला काही आजार नव्हता. माणूस निवांत झाला की हातापायांकडचा रक्तपुरवठा वाढतो, तळवे ऊबदार होतात. त्यासाठी विश्वशक्तीला तसदी द्यायची गरज नाही.

मी दीक्षा घेतली त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका शाळकरी मुलीचा प्रयोग छापून आला. एमिली रोझा तिचं नाव. प्रयोग केला तेव्हा ती नऊ वर्षांची. "थेराप्युटिक टच" हा रेकीचा अमेरिकन चुलतभाऊ, त्यात हात अंगावरून अधांतरी फिरवून ऊर्जा जाणवते असं म्हणतात. एमिलीने पुठ्ठ्याचा आडपडदा केला, उपचारकांना दोन्ही हात त्यातून पलीकडे काढायला लावले, नाणं उडवून त्यांच्या एका हातावर आपला हात धरला आणि विचारलं, कोणत्या हातावर? २१ उपचारक, २८० खेपा, बरोबर उत्तरं १२३. म्हणजे ४४ टक्के. नुसतं नाणं उडवत बसले असते तर साधारण निम्मी बरोबर आली असती.

तरीही मी रोज हात ठेवते. त्याचं कारण २०११ च्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात सापडतं. केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांचे तीन गट केले. एकाला प्रशिक्षित व्यक्तीने रेकी दिली. दुसऱ्याला रेकी न येणाऱ्या व्यक्तीने तशीच्या तशी नक्कल करून हात ठेवले. तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. तिसऱ्या गटाला विशेष फरक वाटला नाही. पहिल्या दोन्ही गटांना बरं वाटलं, खरी रेकीवाल्यांना आणि खोटीवाल्यांनाही.

मी याचा अर्थ असा घेते: रेकीची खास चिन्हं आणि गुरूकडून मिळणारी दीक्षा यांनी फरक पडत नाही. पण कुणीतरी घाई न करता शेजारी बसतं, ऊबदार हात ठेवतं, त्याने फरक पडतो. आपल्याकडे ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बसणाऱ्या आजीला हे सांगायला नको. रेकीने एवढंच केलं, की त्या हाताला अर्ध्या तासाची शिस्त लावली. झोप लवकर लागणं, खांदे सैल पडणं, श्वास संथ होणं, चिडचिड जरा उतरणं, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची धास्ती कमी होणं, हे फायदे मी स्वतःत आणि घरात पाहिलेत. नैराश्य आणि चिंताविकारावर मात्र रेकीचा गुण येतो असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही, असं वैद्यकीय संशोधनाचे आढावे काढणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याने म्हटलंय. त्यामुळे गोळ्या चालू असतील तर चालूच ठेवायच्या.

घरी करून बघा: पस्तीस-चाळीस मिनिटं

रेकीवाले म्हणतील, दीक्षेशिवाय वाहतच नाही. वरचं वाचल्यावर त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पंधरा दिवस करून बघायला काहीच लागत नाही.

वेळ पहाटेची किंवा रात्री आडवं होण्याआधीची. जेवणानंतर दीड-दोन तास गेलेले बरे. घड्याळ, बांगड्या, चष्मा काढून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत. दर तीन मिनिटांनी टण् करून वाजणारी ऑडिओ मिळते, ती आधी लावून लांब ठेवलीत तर उत्तम. नाहीतर प्रत्येक जागी वीस संथ श्वास मोजा. उताणं झोपा, गुडघ्यांखाली लोड. आणि एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात लिहिलेली नसते: दोन्ही कोपरांखाली उशी किंवा रजईची घडी घ्या. नाहीतर चौथ्या जागेपर्यंत दंड भरून येतात आणि सगळं ध्यान दंडातच जातं.

सुरुवातीला उसुई परंपरेतली "केन्योकु", म्हणजे कोरडी आंघोळ. उजवा तळवा डाव्या खांद्यावर ठेवून छातीवरून तिरका उजव्या कमरेपर्यंत झटकत न्या. मग डाव्या तळव्याने उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत. पुन्हा पहिल्यासारखं. त्यानंतर उजव्या हाताने डावा हात खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत पुसून काढा, मग डाव्याने उजवा, मग पुन्हा उजव्याने डावा. अंगावरचं पीठ झटकल्यासारखं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण ऑफिस अंगावरून उतरतं.

मग "गाश्शो", म्हणजे आपला नमस्कार. हात छातीसमोर जोडा आणि लक्ष दोन मधली बोटं एकमेकांना टेकतात त्या टोकावर ठेवा. लक्ष भरकटलं की बोटं जरा दाबा, परत येतं. इथे उसुईंची पाच वाक्यं मनात म्हणायची. माझ्या मराठीत ती अशी: फक्त आजचा दिवस, रागावू नकोस. काळजी करू नकोस. मिळालंय त्याची जाणीव ठेव. आपलं काम मन लावून कर. माणसांशी मायेने वाग. सगळी गंमत "फक्त आजचा दिवस" यात आहे. जन्मभर रागवायचं नाही असा पण केला की तो दूधवाला येईपर्यंतच टिकतो.

आता हात. बोटं एकमेकांना लावून, तळवा किंचित खोलगट, पाणी धरल्यासारखा. दाबायचं नाही, चोळायचं नाही, हाताचं वजन तेवढं सोडायचं.

पहिली जागा डोळे. तळव्यांचा खळगा डोळ्यांवर, बुबुळांवर भार नको, बोटं कपाळावर. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी इथे तीनऐवजी पाच मिनिटं थांबावं. इथला काळोखच निम्मं काम करतो. नंतर दोन्ही कानांवर. शंखात ऐकू येते तशी घूं ऐकू येईल. मग डोक्याच्या मागे, कवटी जिथे मानेला मिळते तिथे दोन्ही तळवे आडवे. डोक्याचं वजन पूर्ण हातांवर सोडायचं. सोडलं असं वाटतं, पण सोडलेलं नसतं. एकदा श्वास सोडताना मुद्दाम जड करा, म्हणजे आतापर्यंत आपण डोकं किती धरून ठेवलं होतं ते कळेल. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

चौथी जागा गळा. गळा धरायचा नाही, मनगटं गळपट्टीच्या हाडांवर टेकवून बोटं मानेच्या बाजूंना हलकीच. तेही कोंडल्यासारखं वाटलं तर हात खाली सरकवा. मग छातीच्या मध्यावर एकावर एक हात. मग बरगड्या संपतात तिथे, मग बेंबीवर, मग ओटीपोटावर दोन्ही हात तिरके. बेंबीवर असताना श्वासाने हात वर उचलला जातोय का ते बघा. जात नसेल तर श्वास छातीतच अडकलाय. ओढूनताणून खाली न्यायला जाऊ नका, हात तिथे राहिला की तो आपसूक उतरतो. पाळीच्या दिवसांत ओटीपोटावर मी दहा मिनिटं काढते, गरम पाण्याच्या पिशवीची धाकटी बहीण समजून.

कमरेमागे हात न्यायचे तर कुशीवर वळावं लागतं. खांदा धरलेला असेल तर ही जागा सरळ सोडून द्या, काही बिघडत नाही. शेवटी उठून बसा, गुडघ्यांवर हात, मग पाय जवळ ओढून तळव्यांवर. अकरा जागा झाल्या. कुठे बारा शिकवतात, कुठे चोवीस. आकड्यावरून भांडू नका.

मध्येच झोप लागली तर लागू द्या. पोट गुरगुरेल, जांभया येतील, क्वचित डोळे भरून येतील. काहीच जाणवलं नाही तरी चालतं.

पंधरा दिवस एका वहीत तीनच गोष्टी लिहा: झोप किती वाजता लागली, रात्री किती वेळा उठलात, सकाळी अंग कसं होतं. "आज सोनेरी प्रकाश दिसला" हे लिहायचं असेल तर मागच्या पानावर. सोळाव्या दिवशी पुढची पानं वाचा आणि ठरवा.

क्लास लावायचाच असेल तर

लावण्यात चूक काही नाही. एकट्याने रोज करायला माणूस कंटाळतो आणि शिकवणारी व्यक्ती चांगली असली की दहा जणांत बसण्याची मजाही असते. जपानी पद्धतीत पायऱ्या तीन: शोदेन, ओकुदेन, शिंपिदेन. आपल्याकडे त्यांना फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री आणि मास्टर्स म्हणतात. पहिलीत दीक्षा, ज्याला इथे शक्तिपात किंवा अट्यूनमेंट म्हणतात, आणि हातांच्या जागा. त्यानंतर घरी २१ दिवस रोज करायचं, कुरामाच्या २१ दिवसांची आठवण म्हणून. दुसरीत चिन्हं आणि लांबून रेकी पाठवणं. घरच्या वापराला पहिली भरपूर झाली. सांगलीतून न्यू जर्सीतल्या नातवाला रेकी पाठवण्यापेक्षा व्हिडिओ कॉल करा, त्याला जास्त आवडेल. उसुईंच्या पद्धतीत "ग्रँडमास्टर" नावाची पायरीच नव्हती, तेव्हा त्या पायरीची फी ऐकून दबून जाऊ नका.

पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: "मला बीपीची गोळी चालू आहे, रेकी सुरू केल्यावर तिचं काय करू?" "डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका" असं उत्तर आलं तर बसा. "हळूहळू सुटेल हो" असं आलं तर चपला घाला.

रेकी आयुष मंत्रालयाच्या पद्धतींमध्ये येत नाही. सरकारी नोंदणी असलेला रेकी डॉक्टर असा प्रकार अस्तित्वात नाही, त्यामुळे भिंतीवरचं सर्टिफिकेट ते छापणाऱ्याच्या शब्दाइतकंच वजनदार. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, फेफरं, इतकंच काय उंची वाढवणं, अशा गोष्टींवर चमत्कारी इलाजाच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. पत्रकावर अशी यादी दिसली तर ते पत्रक फारतर भेळेला वापरा.

माझी चूक

रेकीच्या गोटात एक शब्द चालतो, "हीलिंग क्रायसिस". रेकी सुरू केली की दुखणं आधी वाढतं, कारण आतलं बाहेर पडतंय, असं सांगतात. २००६ मध्ये माझ्या पोटात दुखू लागलं. आधी बेंबीशी, मग सरकत उजव्या बाजूला खाली. तेव्हा मी ज्या ग्रुपमध्ये जात होते तिथे फोन केला. "क्लिन्सिंग होतंय, देत राहा" असं उत्तर मिळालं. मी दोन रात्री पोटावर हात ठेवून काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ओकाऱ्या आणि ताप. नवऱ्याने रिक्षात घातलं, संध्याकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन. सर्जन एवढंच म्हणाले, "हात ठेवायला हरकत नव्हती, पण आमच्याकडे येऊन ठेवायचा होता."

म्हणून: छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, जीभ जड होणं, न थांबणारी ओकारी, गाठ, कारण नसताना वजन उतरणं, शौचावाटे रक्त, तीन दिवसांवर ताप, यांतलं काहीही असेल तर आधी दवाखाना. आणि दुखणं वाढलं तर ते वाढलंय, बस्स. त्याला इंग्रजी नाव देऊन गोड करू नका. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तरीही रेकीवर भागवू नका, घरात सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

दुसऱ्याला देताना

आधी विचारा. "देऊ का?" हे प्रत्येक वेळी, नवऱ्यालासुद्धा. छाती आणि ओटीपोट या जागांवर हात टेकवू नका, वीतभर वर धरा किंवा त्या सोडूनच द्या. क्लासमध्ये कुणी तिथे हात ठेवण्याचा आग्रह धरला तर ते रेकीचं काम नव्हे. ताजी जखम, भाजलेली जागा, ऑपरेशनचे टाके यांवरही हात नको.

देणाऱ्याची पाठ महत्त्वाची. दिवाण बुटका असतो, वाकून वाकून अर्ध्या तासात तुमचीच कंबर धरते. समोरच्या माणसाला खुर्चीत बसवा आणि तुम्ही पाटावर किंवा स्टुलावर बसा. हात धुऊन, एकमेकांवर घासून गरम करून घ्या. डोक्याशी सुरुवात, मग खांदे, मग पाठीचा वरचा भाग, शेवट पायांशी. बोलू नका. मध्येच हात एकदम उचलू नका, एक हात टेकलेला ठेवून दुसरा हलवा. झालं की दोन मिनिटं तसंच बसू द्या आणि पाणी द्या.

सासूबाईंच्या गुडघ्यांची झीज झालेली. माझा रेकीचा उत्साह त्यांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढला होता. "नुसता हात ठेवून काय होतंय? तेल तरी लाव." मग तीळतेल लावायचं आणि त्यावर हात ठेवायचा अशी तडजोड झाली, जी कुठल्याही जपानी गुरूला मान्य झाली नसती. गुडघा काही बरा झाला नाही. एक्सरेत होता तसाच राहिला, डॉक्टरांची गोळी आणि व्यायाम चालूच राहिले. पण रात्री नऊची बातमीपत्रं संपली की त्या टीव्ही बंद करून पाय स्टुलावर ठेवत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारत, "आज तुझं ते जपानी नाही का गं?" मी ओटा पुसून, हात कोरडे करून यायची. पंधरा मिनिटांत त्यांची मान एका बाजूला कलायची आणि घोरणं सुरू व्हायचं. मी हळूच हात काढून घ्यायला गेले की डोळे न उघडता म्हणायच्या, "डावा झाला. उजवा राहिलाय."